पेरणी करून मागे राहिलेला गुरू : फादर शार्ल रासीन



चेन्नईस जाणारा ख्रिस्ती यात्रेकरू दोन ठिकाणांचे दर्शन घेतल्यावाचून सहसा परतत नाही. एक समुद्रकाठचे सांतोमचे महामंदिर आणि दुसरा विमानतळाजवळचा सेंट थॉमसचा डोंगर. प्रेषित थोमाच्या स्मृतीने पावन झालेली ही स्थळे पाहून झाल्यावर आपणास अर्धा दिवस मोकळा मिळाला, तर आज आम्ही आपणास एका तिसऱ्याच ठिकाणी नेऊ इच्छितो. ते प्रार्थनास्थळ नव्हे, तेथे नवसही बोलले जात नाहीत. तरीही एका धर्मगुरूच्या पाचारणाचे फळ पाहावयाचे असेल, तर तेथे जावे असे आम्हांस वाटते.

शहरातून जुन्या महाबलीपुरम रस्त्याने दक्षिणेकडे निघावे. दोन्ही हातांना संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती लागतात. एके काळी निवांत खेडे असलेले आणि 2011 मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत आलेले शोळिंगनल्लूर येते. तेथील गजबजलेल्या चौकातून एक फाटा डावीकडे समुद्रकाठच्या रस्त्याकडे जातो. आपण मात्र वळू नये. सरळ दक्षिणेस आणखी काही मैल गेले की सिरुसेरी लागते आणि तेथे चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट ही गणिताची संस्था आहे. 1989 मध्ये शहरात लहानशा रूपात सुरू झालेली ही संस्था 2005 मध्ये या जागी आली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून निवडलेली मुले येथे गणित शिकतात. संस्थापक होते प्राध्यापक सी. एस. शेषाद्री. जगभरच्या गणितज्ञांच्या तोंडी असलेल्या एका सिद्धांताला त्यांचे आणि त्यांचे मित्र प्राध्यापक एम. एस. नरसिंहन यांचे नाव आहे.

या दोघांना, ते विशी-एकविशीचे विद्यार्थी असताना, या वाटेवर कोणी लावले? त्याचे उत्तर आहे, फादर शार्ल रासीन या फ्रेंच येशूसंघीय धर्मगुरूंनी. सिरुसेरीच्या त्या वास्तूत फादर रासीन यांचे पाऊल कधी पडले नाही. ती उभी राहण्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधीच त्यांनी जगाचा निरोप घेतला होता. वचनदत्त भूमी नबो पर्वतावरून पाहणाऱ्या मोशेची गोष्ट आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. फादर रासीन यांना तर ती भूमी दुरूनही पाहावयास मिळाली नाही.

फादर रासीन यांचा जन्म 1897 सालचा, फ्रान्समधला. ते येशूसंघात दाखल झाले आणि गणिताचेही उपासक झाले. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदल्या, असा प्रश्न आपल्यापैकी कोणास पडला तर नवल नाही. परंतु येशूसंघाला गणित परके नाही. 1582 मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी पंचांगाची जी सुधारणा केली आणि जी आजही आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आहे, तिच्यामागे क्रिस्तोफर क्लावियस या येशूसंघीय गणितज्ञाचे मोठे परिश्रम होते. त्यांचे शिष्य फादर मत्तेओ रिच्ची यांनी चीनमध्ये एका चिनी विद्वानाच्या साहाय्याने युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग 1607 मध्ये चिनी भाषेत आणले. त्यानंतर नऊच वर्षांनी, 1616 मध्ये, गोव्यात राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले, हे आपणा मराठी ख्रिस्ती वाचकांस सांगावयास नकोच. कोणी भाषा घेऊन आला, कोणी भूमिती घेऊन. ज्याच्यापाशी जे होते ते त्याने ज्या लोकांत तो गेला त्यांच्या ओंजळीत घातले. फादर रासीन याच परंपरेतील होते.

1934 मध्ये पॅरिसमध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. त्यांचे मार्गदर्शक होते एली कार्तां, म्हणजे विसाव्या शतकातील श्रेष्ठ भूमितिज्ञांपैकी एक. प्रबंधाचा विषय होता आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादातील अनेक वस्तूंच्या गतीचा प्रश्न. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एकमेकांना ओढत असता त्यांची गती कशी होईल, हा प्रश्न न्यूटनच्या काळापासून गणितज्ञांना छळत आला आहे. आइन्स्टाइनच्या सिद्धांतात तो अधिकच बिकट होतो, कारण तेथे वस्तूंबरोबर अवकाशही वाकते आणि आरंभीची स्थिती आपल्या मर्जीने धरता येत नाही. तीही काही समीकरणांच्या कसोटीस उतरावी लागते. या कसोटीच्या अभ्यासाचा इतिहास लिहिताना संशोधक आजही 1934 च्या त्या प्रबंधाचा उल्लेख करतात. फादर रासीन हे गणिताचे नुसते हौशी नव्हते, एवढे यावरून आपल्या ध्यानी यावे. वय सदतीस, पॅरिसची पदवी, कार्तांसारखा गुरू आणि त्या काळच्या फ्रेंच गणितज्ञांशी परिचय. संशोधकाच्या आयुष्याला आणखी काय हवे असते?

परंतु 1937 मध्ये ते मिशनरी म्हणून भारतात आले. प्रथम तिरुच्चिरापल्लीच्या सेंट जोसेफ्स कॉलेजात आणि 1939 पासून मद्रासच्या लोयोला कॉलेजात ते गणित शिकवू लागले. लोयोला कॉलेज 1925 मध्ये फ्रेंच येशूसंघीयांनीच नुंगमबाक्कम भागात स्थापन केले होते. त्याच 1939 साली युरोपात महायुद्ध पेटले. पॅरिस आणि मद्रास यांच्यामधले अंतर पूर्वीही कमी नव्हते. आता ते कितीतरी वाढले. संशोधनाच्या ज्या प्रवाहात ते पोहत होते, तो मागे राहिला. अध्यापन हेच त्यांचे मुख्य कार्य झाले.

त्या काळच्या मद्रासला गणिताचे दारिद्र्य होते, असे मात्र कोणी समजू नये. श्रीनिवास रामानुजन यांची स्मृती तेथे ताजी होती. प्रेसिडेन्सी कॉलेजात आनंद राव होते, ज्यांनी केंब्रिजमध्ये रामानुजन यांच्याच काळात प्राध्यापक हार्डी यांच्यापाशी शिक्षण घेतले होते. विद्यापीठात वैद्यनाथस्वामी होते. परंतु ही सारी गंगा प्रामुख्याने इंग्लंडातून आली होती आणि तिचे पाठ्यक्रम जुन्या घाटांनी बांधलेले होते. इकडे फ्रान्समध्ये 1935 पासून तरुण गणितज्ञांचा एक गट 'बूरबाकी' या टोपणनावाने सारे गणित पायापासून नव्याने रचावयास बसला होता. बीजगणित, भूमिती आणि विश्लेषण यांच्यामधल्या भिंती पडत होत्या. मद्रासच्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत याची चाहूलही नव्हती. फादर रासीन यांनी ती चाहूल आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविली. नव्या विचारांची पुस्तके वाचावयास सांगणे, आज जगात कोठे काय चालले आहे ते कळविणे, आणि पाठ्यक्रम संपतो तेथे गणित संपत नाही ही जाणीव जागी करणे, हे त्यांचे खरे अध्यापन होते.

त्याचे पहिले फळ एस. मीनाक्षिसुंदरम यांच्या रूपाने दिसले. हे बुद्धिमान तरुण संशोधक फादर रासीन यांच्या सहवासात आले आणि आंशिक अवकल समीकरणांच्या, म्हणजे उष्णता किंवा लहरी कशा पसरतात याचा हिशोब मांडणाऱ्या समीकरणांच्या, अभ्यासाकडे वळले. 1949 मध्ये त्यांनी ऑके प्लेयेल या स्वीडिश गणितज्ञासह प्रसिद्ध केलेला लेख आज अभिजात मानला जातो.

दुसरे फळ अधिक मोठे होते. 1932 मध्ये जन्मलेले दोन तरुण, कांचीपुरमचे शेषाद्री आणि उत्तर अर्काट जिल्ह्यातील तंडराई गावचे नरसिंहन, लोयोला कॉलेजात बी.ए. ऑनर्सच्या वर्गात शिकत होते. 1953 मध्ये दोघे पदवीधर झाले. वाचकहो, त्या वर्षांतल्या मध्यमवर्गीय घराचे चित्र आपण डोळ्यांसमोर आणा. मुलगा गणितात हुशार निघाला की घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात एकच स्वप्न असे, सरकारी सेवेची स्पर्धा-परीक्षा. देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि अधिकाऱ्याच्या खुर्चीला मोठा मान होता. संशोधन हे पोट भरण्याचे साधन असू शकते, हेच पुष्कळांना ठाऊक नव्हते.

मुंबईत तेव्हा एक नवी संस्था आकार घेत होती. होमी भाभा यांनी 1945 मध्ये टाटांच्या साहाय्याने स्थापन केलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था. कुलाब्याची आजची भव्य वास्तू तेव्हा नव्हती. गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत तिचे काम चाले. गणिताचा विभाग के. चंद्रशेखरन उभारीत होते आणि जगातल्या नामांकित गणितज्ञांना व्याख्यानांसाठी तेथे पाचारण करीत होते. फादर रासीन यांनी आपल्या उत्तम विद्यार्थ्यांना तेथे जाण्याचे प्रोत्साहन दिले. शेषाद्री आणि नरसिंहन 1953 मध्येच मुंबईस आले.

येथे क्षणभर थांबून विचार करावा, अशी आमची आपणास विनंती आहे. ही संस्था ख्रिस्तसभेची नव्हती. येशूसंघाला तिच्यातून काही मिळावयाचे नव्हते. ज्या तरुणांची नावे आम्ही घेतली ते ख्रिस्ती नव्हते व पुढेही झाले नाहीत. फादर रासीन त्यांना लोयोलातच अध्यापक म्हणून ठेवून घेण्याची खटपट करू शकले असते. कॉलेजची शोभा वाढली असती, त्यांनाही उतारवयात जिव्हाळ्याची सोबत मिळाली असती. परंतु या मुलांची वाढ कोठे होईल, हा एकच प्रश्न त्यांनी महत्त्वाचा मानला. उत्तर मिळताच त्यांनी वाट मोकळी करून दिली.

1957 मध्ये दोघेही मुंबईहून पॅरिसला गेले आणि 1960 मध्ये परतले. वीस वर्षांपूर्वी गुरू पॅरिस सोडून मद्रासला आला होता. आता त्याचे शिष्य मुंबईमार्गे पॅरिसला पोहोचले. तेथे त्यांनी जे पाहिले, शिकले, त्यातूनच पुढे तो सिद्धांत निघाला. तो समजून घेण्याचा आपण थोडा प्रयत्न करू. सूत्रे नकोत, एक बांगडी पुरे.

काचेची बांगडी घ्या आणि तिच्या प्रत्येक बिंदूवर एकेक काडी उभी केली आहे, अशी कल्पना करा. साऱ्या काड्या सरळ उभ्या असतील तर डब्याच्या कडेसारखी गोल भिंत तयार होईल. परंतु समजा, फेरी मारता मारता काड्या हळूहळू कलत गेल्या आणि पूर्ण फेरीअंती काडीचे वरचे टोक खाली आले, तर पीळ पडलेली पट्टी तयार होईल. कोठलाही लहानसा तुकडा पाहिला तर दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळतो तो पूर्ण फेरी मारल्यावरच. प्रत्येक बिंदूवर असे काही सरळ उभे असलेल्या रचनेला गणितज्ञ 'व्हेक्टर बंडल' म्हणतात. बांगडीच्या जागी मेदूवड्यासारखे, पण दोन किंवा अधिक भोके असलेले पृष्ठ घ्या आणि काडीच्या जागी अनेक दिशांचे अवकाश घ्या, की आपण शेषाद्री आणि नरसिंहन यांच्या अंगणात आलो.

आता अशा पृष्ठावर बंडले किती प्रकारची असू शकतील? ती मोजता येत नाहीत, कारण एकातून दुसरे अखंडपणे बदलत जाते. म्हणून त्यांचा नकाशा काढावा लागतो. शहराच्या नकाशावर एक ठिपका म्हणजे एक वस्ती. या नकाशावर एक ठिपका म्हणजे एक सबंध बंडल. अशा नकाशाला 'मोड्युली स्पेस' म्हणतात. परंतु सर्व बंडले एका नकाशावर नीट बसत नाहीत. अमेरिकन गणितज्ञ डेव्हिड मम्फर्ड यांनी 1962 मध्ये स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेत दाखविले की ज्यांना त्यांनी 'स्थिर' म्हटले तीच बंडले नीट बसतात. स्थिर म्हणजे काय? बंडलाच्या पिळाचे एक माप असते. त्याला बंडलाच्या आकारमानाने भागले की सरासरी निघते. बंडलाच्या पोटात दडलेल्या कोणत्याही लहान बंडलाची सरासरी सबंधाच्या सरासरीहून कमीच असेल, तर ते बंडल स्थिर. एकत्र कुटुंबात कोणत्याही एका शाखेचे पारडे सबंध घराहून जड होऊ नये, तसेच हे.

ही झाली बैजिक भूमितीची भाषा. दुसरीकडे एक अगदी निराळी भाषा होती. पृष्ठावरील भोकांभोवती फेऱ्या मारून मूळ जागी परत यावे आणि प्रत्येक फेरीत आपल्या हातातील बाण किती फिरला ते पाहावे. त्याची लांबी मात्र बदलू नये. अशा फिरण्यांच्या नोंदीवरूनही बंडल तयार करता येते. या विषयाचा धागा 1938 मध्ये आंद्रे व्हेल यांनी एका लेखात सोडून ठेवला होता. हे व्हेल तरुणपणी, 1930 ते 1932 या काळात, आपल्या अलीगढमध्ये प्राध्यापक होते.

नरसिंहन आणि शेषाद्री यांनी 1965 मध्ये सिद्ध केले की या दोन भाषा एकच गोष्ट सांगतात. ज्या बंडलाच्या पिळाचे माप शून्य आहे ते स्थिर असते तेव्हा, आणि तेव्हाच, ते लांबी न बदलणाऱ्या आणि आणखी तुकडे न पडणाऱ्या अशा फिरण्यांच्या नोंदीतून आलेले असते. एका भाषेत वजनांचा तोल आणि दुसऱ्या भाषेत फेऱ्यांची नोंद. मधली भिंत पडली. नरसिंहन यांचा ओढा विश्लेषण आणि भूमितीकडे, शेषाद्री यांचा बैजिक भूमितीकडे. एकट्याने कदाचित साधले नसते ते दोघांनी साधले. 1983 मध्ये इंग्लंडातील सायमन डोनाल्डसन यांनी याच सिद्धांताची नवी सिद्धता दिली. त्याच सुमारास मायकल अटिया आणि राऊल बॉट यांनी त्याचा संबंध भौतिकशास्त्रातील क्षेत्रसिद्धांताच्या समीकरणांशी जोडला. कुलाब्यास या विषयाची एक स्वतंत्र शाळाच निर्माण झाली. नरसिंहन यांचे विद्यार्थी विजय पाटोदी यांनी पुढे जे मोलाचे काम केले, त्यात मीनाक्षिसुंदरम यांच्या 1949 च्या लेखातील विचार कामी आला. फादर रासीन यांच्या अंगणातून निघालेल्या दोन पायवाटा मुंबईत अशा पुन्हा एकत्र आल्या.

परंतु वाचकहो, केवळ यशाची कथा सांगून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. फादर रासीन यांचा आणखी एक विद्यार्थी होता, सी. पी. रामानुजम. 1938 मध्ये मद्रासला जन्मलेला हा मुलगा विलक्षण बुद्धीचा होता. पण 1957 मध्ये ऑनर्सच्या परीक्षेत त्याला द्वितीय वर्ग मिळाला. आपल्या समाजात द्वितीय वर्ग म्हणजे काय, हे आपण जाणतो. शेजारी विचारतात, नातेवाईक हळहळतात आणि मुलाच्या कपाळावर शिक्का बसतो. फादर रासीन यांनी तो शिक्का वाचला नाही. त्यांनी मुलाच्या मनाची स्वतंत्र झेप आणि त्याचे कुतूहल पाहिले होते. त्यांनी मुंबईच्या संस्थेकडे त्याची शिफारस केली. रामानुजम आणि त्यांचा लोयोलातीलच मित्र राघवन नरसिंहन हे दोघे टाटा संस्थेत दाखल झाले.

त्या द्वितीय वर्गाच्या मुलाने संख्यासिद्धांतात आणि बैजिक भूमितीत असे काम केले की त्याच्या नावाचे सिद्धांत आज पाठ्यपुस्तकांत आहेत. मम्फर्ड मुंबईत व्याख्याने देण्यास आले तेव्हा त्यांचे टिपण रामानुजम यांनी घेतले. 1970 मध्ये निघालेल्या मम्फर्ड यांच्या प्रसिद्ध ग्रंथाला त्या टिपणांचा आधार आहे. परंतु रामानुजम यांना मनाच्या गंभीर आजाराने ग्रासले होते. 27 ऑक्टोबर 1974 रोजी बंगलोर येथे, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी आपली जीवनयात्रा स्वतःच संपविली. तेव्हा त्यांचे वृद्ध गुरू हयात होते.

अशा ठिकाणी उपदेशाला जागा नसते. एवढेच म्हणावेसे वाटते की शिक्षक वाट दाखवू शकतो, सोबत दूरवर जाऊ शकत नाही. बुद्धीची देणगी ओळखणे हे एक काम आणि ती बाळगणाऱ्या नाजूक जिवाला सांभाळणे हे दुसरे. हे दुसरे काम घराचे, मित्रांचे, वैद्यांचे, साऱ्या समाजाचे आहे. मनाच्या आजाराला आपण अजूनही दारामागे लपवितो. तापाने फणफणलेल्या मुलाला जसे आपण वैद्याकडे नेतो, तसेच मन आजारी पडलेल्यालाही न लाजता न्यावे. त्या तरुणाच्या स्मृतीला वाहावयाचे हे सर्वांत खरे फूल ठरेल.

फादर रासीन 1967 पर्यंत लोयोलात शिकवीत राहिले आणि 1976 मध्ये त्यांची इहलोकीची यात्रा संपली. त्यांच्या नावाचा मोठा सिद्धांत नाही. गणिताच्या इतिहासात त्यांचे नाव बहुधा दुसऱ्यांच्या चरित्रात, पहिल्या-दुसऱ्या पानावर येते आणि पुढची पाने शिष्यांची असतात. गव्हाच्या दाण्याने मातीत पडण्याचा जो दृष्टान्त आपण दर प्रायश्चित्तकाळात ऐकतो, तो दुःखसहनापुरताच आहे असे आपण धरून चालतो. एखाद्या विद्वानाने आपली विद्वत्ता वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या कामी खर्चावी आणि पिकावर आपले नाव नसावे, हेही मातीत पडणेच नव्हे काय?

आपल्या संस्थांनी या जीवनाच्या आरशात एकदा पाहावे, असे मनापासून वाटते. महाराष्ट्रात आणि देशभर आपल्या शाळा-कॉलेजांची कीर्ती मोठी आहे. जून महिन्यात प्रवेशासाठी रांगा लागतात, निकालाच्या दिवशी टक्केवारीचे फलक झळकतात. या सर्वांत वाईट काही नाही. परंतु सुवार्तेच्या नावाने चालविलेल्या वर्गात आपण नेमके काय मोजतो? किती मुले पहिली आली, किती आपल्या लोकांत मिळाली, संस्थेला काय लाभले? फादर रासीन यांचा हिशोब यांपैकी कोणत्याच स्तंभात बसत नाही. येशूसंघाच्या वार्षिक अहवालात शेषाद्री आणि नरसिंहन यांची मोजदाद कोणत्या मथळ्याखाली करावयाची? तरीही सत्य हे ईश्वराचेच आहे असे जर आपण मानतो, तर सत्याच्या शोधासाठी एका तरुण मनाला मोकळे करणे हीसुद्धा त्याचीच सेवा आहे, मग तो तरुण कोणत्याही देवघरात हात जोडो.

आणि दिलेले कधी ना कधी फिरून येते, पण ते देणाऱ्याकडेच येईल असे नाही. शेषाद्री 1984 मध्ये मुंबई सोडून मद्रासला परतले. 1989 मध्ये त्यांनी नव्या संस्थेचे रोप लावले. पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच मुलांना खऱ्या संशोधकांच्या हाताखाली शिकावयास मिळावे, हा तिचा विशेष. ज्या शहरात एका शिक्षकाने पाठ्यक्रमापलीकडचे दार किलकिले करून दाखविले होते, त्याच शहराच्या वेशीबाहेर त्याच्या शिष्याने ते दार सताड उघडले. 17 जुलै 2020 रोजी शेषाद्री निवर्तले. पुढच्या वर्षी, 15 मे 2021 रोजी, नरसिंहनही गेले.

म्हणून वाचकहो, पुढील खेपेस सांतोमच्या महामंदिरात गुडघे टेकून झाल्यावर शोळिंगनल्लूरच्या चौकातून सरळ पुढे जाऊन या. सिरुसेरीच्या फाटकापाशी पाठीला दप्तर लावलेली, कोणत्या कोणत्या प्रांतांतून आलेली मुले आपणास दिसतील. त्यांच्यापैकी अनेकांनी फादर रासीन हे नाव ऐकलेही नसेल. आपण मात्र त्यांच्यासाठी आणि त्या जुन्या गुरूसाठी मनातल्या मनात एक लहानशी प्रार्थना करावी. आणि आपल्या स्वतःच्या वर्गात, घरात किंवा धर्मग्रामात, गुणपत्रिकेने मागे टाकलेले एखादे मूल आपली वाट पाहत असेल, तर परतल्यावर त्याला शोधावे.